फुलं भरपूर, फुलपाखरं टिकत नाहीत: उन्हाळी बाग आणि मोजणी

प्रश्न थोडक्यात असा: बाग लहान आहे, पण फुलांची कमी नाही. झेंडू, गुलाब, बोगनवेल, झिनिया, कुंड्यांत सदाफुली. उन्हाळ्यात फुलपाखरं येतात, एखाद्या फुलावर टेकतात आणि कुंपणापलीकडे निघून जातात. मोजली तेव्हा एका दिवशी चाळीस भरली, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फक्त सहा. यातला खरा आकडा कोणता, फुलपाखरं थांबावीत म्हणून आणखी काय लावावं, आणि घाणेरी लावली तर चालेल का?

आकड्याकडे नंतर येतो, कारण बागेत काय चाललंय ते कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

फुलपाखरू बागेत मुख्यतः दोन कामांसाठी येतं, मकरंद प्यायला आणि अंडी घालायला. नर येतो तो बहुतेकदा मादीच्या शोधात. तुमची फुलं फक्त पहिलं काम भागवतात. पोट भरलं की मादी अळ्यांच्या खाण्याचं झाड शोधायला निघते, आणि तुम्ही दिलेल्या यादीत तसं झाड मला दिसत नाही. सदाफुलीवर कधी शेपटाशी शिंग असलेली जाडजूड अळी सापडली तर ती पतंगाची असते, फुलपाखराची नव्हे. (तिलाही राहू द्या. संध्याकाळी फुलांसमोर हवेत स्थिर राहून मकरंद पिणारा तो हिरवट पतंग बघण्यासारखा असतो.)

प्रत्येक जातीच्या अळीची ठरावीक झाडं असतात. त्याबाहेरचं पान ती उपाशी मेली तरी खात नाही. कढीपत्ता आणि लिंबू यांवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं वाढतात. रुई आणि हळदीकुंकू, म्हणजे तोडलं की पांढरा चीक येणारं लाल-पिवळ्या तुऱ्यांचं झुडूप, यांवर प्लेन टायगर. पानफुटीवर रेड पिएरो. त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, त्यामुळे बाहेरून फक्त पारदर्शक डाग दिसतो. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर, बहावा आणि टाकळ्यावर एमिग्रंट, कण्हेरीवर कॉमन क्रो, सीताफळावर टेल्ड जे. कुंडीत उगवणारी घोळ तण म्हणून उपटू नका, डॅनाइड एगफ्लायच्या अळ्या तिच्यावर वाढतात. एका कोपऱ्यात गवत न कापता ठेवलंत तर इव्हनिंग ब्राउनची सोय झाली.

यांतली सगळी झाडं लावायची गरज नाही. लहान बागेत दोनच निवडा, पण प्रत्येकाची तीन-चार रोपं ठेवा. एकुलत्या एका कढीपत्त्याच्या रोपावर पाच-सहा अळ्या वाढल्या की चार दिवसांत नुसत्या काड्या उरतात, मग अळ्याही जातात आणि तुमचा उत्साहही. कुठली दोन, असं विचाराल तर मी कढीपत्ता आणि रुई म्हणेन. दोन्ही कडक उन्हात तगतात आणि दोन्हींवर येणारी फुलपाखरं सहज ओळखू येतात. घरात लहान मूल किंवा तोंड घालणारं जनावर असेल तर मात्र रुईऐवजी कृष्णकमळ घ्या. रुईचा चीक विषारी असतो, डोळ्यात गेला तर फार त्रास देतो.

नुसतं झाड असून भागत नाही, त्याला कोवळी पानं हवीत. सकाळी कढीपत्त्यापाशी उभं राहून मॉरमॉनची मादी बघा. ती फुलांकडे ढुंकूनही पाहत नाही. झाडाभोवती फडफडत एका पानावर टेकते, पुढच्या पायांनी पटापट टकटक करते, उडते, दुसऱ्या पानावर तेच करते. पायांवर चव ओळखणारे अवयव असतात. ही टकटक म्हणजे पानाची चव घेणं आहे. जून, राठ पानं सोडून देत ती शेंड्याच्या कोवळ्या पालवीवर पोचते, पोट खाली वाकवते आणि मोहरीहून लहान, फिकट पिवळं, गोल असं एकच अंडं चिकटवते. मग पुढचं पान. अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला काळपट-पांढरी, थेट पक्ष्याची शीट वाटावी अशी असते. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवी होते. तिला हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदा बघा आणि पुन्हा त्रास देऊ नका.

उन्हाळ्यात कोवळी पालवी आपोआप येत नाही, ती आणावी लागते. कढीपत्त्याची आणि लिंबाची हलकी छाटणी करून पाणी सुरू ठेवलं की दोन-तीन आठवड्यांत फूट येते. सगळी रोपं एकदम छाटू नका. आज एक, पंधरवड्याने दुसरं, असं केलं की कुठल्या ना कुठल्या झाडावर मादीला जागा मिळत राहते. आणि कात्री चालवण्याआधी प्रत्येक फांदी उलटसुलट करून पाहा. कोष पानाच्या किंवा काडीच्या रंगाचा असतो, तो हमखास कचऱ्यात जातो.

आता फुलांचं. बोगनवेलीचा रंग म्हणजे रंगीत पानं. खरं फूल आत असतं, बारीक पांढरं, आणि त्यावर फुलपाखरं फारशी जात नाहीत. पाकळ्यांवर पाकळ्या असलेला गुलाब आणि गेंदेदार झेंडू माणसांसाठी घडवलेले आहेत. फुलपाखराच्या सोंडेला तिथे वाट मिळत नाही, मिळाली तरी आत फारसं काही नसतं. एकेरी पाकळ्यांचा झेंडू आणि एकेरी झिनिया चांगली. सोंडेची लांबी जातीनुसार बदलते, म्हणून फुलंही मिश्र लागतात. इक्झोरा आणि पेंटासच्या लांब नळ्यांवर मॉरमॉनसारखी मोठी फुलपाखरं येतात. निळी चिटुकली आणि ग्रास यलो यांना एकदांडीसारखी उथळ, बुटकी फुलं लागतात. एकदांडी ही बहुतेक बागांत उपटून फेकली जाते. तिच्या फुलांवर उन्हाळ्यातल्या एका सकाळी जेवढी वर्दळ असते, तेवढी विकतच्या कुंडीवर नसते, हे तुमच्याच मोजणीत दिसेल. सगळी फुलं एकेक रोप करून विखरू नका, एका जातीची पाच-सहा रोपं एकत्र लावा. आणि पाणी नियमित द्या. तहानलेलं झाड मकरंद कमी करतं.

टायगर आणि क्रो ही मंडळी आणखी एका गोष्टीसाठी येतात. खुळखुळा आणि भुरुंडी यांच्या सुकत चाललेल्या पाना-काड्यांवर नर घोळक्याने बसलेले दिसतात. त्या झाडांतली अल्कलॉइड नावाची रसायनं त्यांना मादीला आकर्षित करणारा गंध तयार करायला लागतात. त्यामुळे खुळखुळ्याचं झाड सुकलं म्हणून लगेच काढू नका.

ओली माती हा उन्हाळ्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. फुलपाखरं उघड्या भांड्यातलं पाणी पीत नाहीत, ओलसर मातीतून शोषतात. त्यातही बहुतेक नरच, कारण त्यांना मातीतले क्षार, विशेषतः सोडियम, हवे असतात. मिलनाच्या वेळी ते त्यातला वाटा मादीला देतात. कुंडीखालची पसरट ताटली घ्या, वाळू आणि माती भरा, थोडं शेणखत आणि किंचित मीठ मिसळा. माती दमट राहील इतकंच पाणी घाला, डबकं नको. ताटली ऊन असलेल्या, वारा न लागणाऱ्या जागी जमिनीवर ठेवा. दुसऱ्याच दिवशी झुंबड उडेल अशी आशा धरू नका, जागा माहीत व्हायला वेळ लागतो. फुलांकडे न फिरकणाऱ्या काही जाती, उदाहरणार्थ बॅरन आणि इव्हनिंग ब्राउन, अति पिकलेल्या फळांवर येतात. सावलीत केळं किंवा पेरू ठेवा, मुंग्या लागू नयेत म्हणून खाली पाण्याची ताटली.

फवारणीवर मी कडक बोलणार आहे. फुलपाखरं हवी असतील तर खाद्य झाडांवर काहीही मारायचं नाही. ‘सेंद्रिय आहे, चालेल’ हा युक्तिवाद इथे उपयोगाचा नाही. बीटी म्हणून मिळणारी, एका जिवाणूपासून बनवलेली पावडर अळ्यांना मारण्यासाठीच असते आणि कीड कोणती, फुलपाखरू कोणतं, हा भेद ती करत नाही. निमतेलही अळ्यांची वाढ आणि कात टाकणं बिघडवतं. मावा पडला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. नर्सरीतून आणलेल्या रोपात आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं कीटकनाशक मुरलेलं असू शकतं, म्हणून असं रोप सुरुवातीला वेगळं ठेवणं बरं. अळ्या पक्षी, कोळी, मुंग्या आणि गांधीलमाश्या नेतात, काहींत परजीवी माश्या अंडी घालतात. शंभर अंड्यांतून मूठभर फुलपाखरं होतात, आणि ते तसंच असायला हवं. डब्यात अळ्या वाढवून सोडण्याच्या भानगडीत पडू नका. गर्दीत रोग पसरतात, आणि तुमची मोजणीही बिघडते.

आता चाळीस आणि सहा.

चाळीस हा आकडा तुम्ही येणारं प्रत्येक फुलपाखरू जमा करत मोजला असणार. एकच एमिग्रंट पंधरा मिनिटांत बागेतून सहा वेळा जाऊ शकतो आणि तुम्ही त्याचे सहा करता. यावर साधा तोडगा आहे: बसून मोजताना प्रत्येक जातीची एका नजरेत एकदम दिसलेली सर्वाधिक संख्या लिहायची. समजा चौथ्या मिनिटाला तीन एमिग्रंट दिसले, नवव्याला पाच, तेराव्याला दोन. नोंद पाच. दहा नव्हे. कदाचित खरे सात असतील, पण पाच तरी नक्की होते आणि पुढच्या आठवड्यातले पाच याच पद्धतीचे असतील. ब्रिटनमध्ये २०१० पासून उन्हाळ्यात होणाऱ्या नागरिकांच्या मोठ्या गणनेतही १५ मिनिटंच मोजतात. घरच्या बागेसाठी याहून चांगलं मला काही माहीत नाही.

बाग लांबट असेल आणि चालत मोजायचं असेल तर ब्रिटिश अभ्यासक पोलार्ड यांची पद्धत वापरा. ब्रिटनमध्ये १९७६ पासून चालू असलेली फुलपाखरांची देशव्यापी नोंद याच पद्धतीवर उभी आहे. ठरलेल्या वाटेने संथ, एकसारख्या वेगाने चालायचं. डाव्या-उजव्या बाजूला अडीच मीटर, समोर पाच मीटर आणि वर पाच मीटर, एवढ्या काल्पनिक खोक्यात जे येईल तेच मोजायचं. मागे गेलेलं विसरायचं. दूर शेजारच्या झाडावर कितीही सुंदर काही बसलेलं असलं तरी ते मोजणीत नाही. वेगळ्या शेऱ्यात लिहा. चालताना दिसलेल्यांची बेरीज करायची, बसून मोजताना कमाल संख्या घ्यायची. या दोन पद्धती एकाच तक्त्यात मिसळू नका.

सहाचा उलगडा बहुधा हवामानात आहे. फुलपाखराला उडण्यासाठी छातीचे स्नायू तापावे लागतात, साधारण तीस अंशांच्या आसपास किंवा वर. सकाळी पंख उघडून उन्हात बसलेलं दिसतं ते यासाठी. ढग आले की मिनिटाभरात बाग रिकामी होते, पण फुलपाखरं असतात तिथेच, पानांखाली. वारा सुटला तरी तेच. थंड प्रदेशात म्हणून मोजणी पावणेअकरा ते पावणेचार या वेळात करतात आणि आकाश निरभ्र असेल तर किमान १३ अंश, ढगाळ असेल तर १७ अंश तापमान लागतं. कडक उन्हाळ्यात हे गणित उलटतं. दुपारी फुलपाखरं सावलीत दडी मारतात, त्यामुळे आकडा पडतो. तिथे साडेआठ ते साडेदहा ही वेळ उत्तम. तुमची वेळ कोणतीही असो, एकदा ठरवली की बदलायची नाही.

दर आठवड्याला एक दिवस, तीच जागा, तीच १५ मिनिटं. वहीत तारीख, सुरुवातीची वेळ, ऊन की ढग, वारा (पानं हलतात की फांद्या), आणि मग जात, संख्या, काय करत होतं. हा शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथेच आहे. ‘कॉमन मॉरमॉन, १, मादी, कढीपत्त्यावर अंडी’ आणि ‘एमिग्रंट, ५, न थांबता पार’ या दोन नोंदींत संख्येने पाच मोठे आहेत, पण बागेबद्दल जास्त सांगते ती एकची नोंद. आठ-दहा आठवड्यांनी वही चाळा. कुठल्या फुलावर कुणी बसलंच नाही ते दिसेल. ती कुंडी रिकामी करून तिथे दुसरं काही लावा. काहीच दिसलं नाही त्या दिवशी शून्य लिहायचं. शून्य गाळलं की सरासरी फुगते.

जोडीला पानांची मोजणी करा. कढीपत्त्याच्या पाच फांद्यांना दोरा बांधून ठेवा आणि दर आठवड्याला त्याच फांद्यांवरची अंडी, अळ्या आणि कोष मोजा. उष्ण हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, तेव्हा एका उन्हाळ्यात दोन-तीन पिढ्यांची ये-जा कळेल. उडणाऱ्या फुलपाखरांच्या आकड्यावर वारा, ढग आणि शेजारची बाग या सगळ्यांचा हात असतो. अंड्यांवर तेवढा नाही.

ओळखीत घाई करू नका. उडत्या निळ्या चिटुकल्यांना नाव देण्याचा अट्टहास धरला की वही बिघडते. ‘निळी, अनोळखी, ३’ ही प्रामाणिक नोंद आहे. ग्रास यलोच्या जातींचंही तसंच. दोन ठिकाणी मात्र नजर तयार करा. कॉमन मॉरमॉनची मादी कॉमन रोज या विषारी फुलपाखराची नक्कल करते आणि पंखांवरून भले भले फसतात. शरीर बघा: कॉमन रोजचं डोकं आणि पोट लाल असतं, मॉरमॉनचं अंग काळं. दुसरी जोडी प्लेन टायगर आणि डॅनाइड एगफ्लायची मादी. दोघी नारिंगी, दोघींच्या पंखांची टोकं काळी-पांढरी. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला तिथे ठिपक्यांचा तो पुंजका नसतो. उन्हाळ्यात आणखी एक घोळ होतो. पॅन्सी आणि इव्हनिंग ब्राउन यांचं कोरड्या ऋतूतलं रूप वेगळं असतं. पंखाखालचे डोळ्यांसारखे ठिपके जवळजवळ नाहीसे होतात आणि बसलेलं फुलपाखरू वाळलेल्या पानासारखं दिसतं. त्याला नवी जात समजू नका. फोटो काढताना पंखाची वरची आणि खालची, दोन्ही बाजू मिळवा. बऱ्याच जाती खालच्या बाजूवरूनच पटतात.

एखाद्या आठवड्यात आकडा अचानक पाचपट झाला तर लगेच बागेचं यश मानू नका. एमिग्रंट नावाप्रमाणेच थव्याने स्थलांतर करतात. पेंटेड लेडी तर आफ्रिका ते युरोप आणि परत, असा प्रवास अनेक पिढ्यांत मिळून करते. तुमच्या बागेवरून एक लाट गेली एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. अशा वेळी ‘काय करत होतं’ हा रकाना वाचा: सगळी एका दिशेने जात होती की फुलांवर थांबत होती?

राहिली घाणेरी. फुलपाखरं तिच्यावर तुटून पडतात हे खरं आहे, आणि म्हणूनच तिची शिफारस सगळीकडे होते. मी करत नाही. ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. तिची काळी फळं पक्षी खातात आणि बी दूरवर टाकतात. जगभर कितीतरी जंगलांत तिने खालची झुडपं आणि गवत दाबून टाकलं आहे, म्हणजे फुलपाखरांच्या अळ्यांची झाडंच. ‘बी न धरणारी’ म्हणून विकली जाणारी वाणंही दरवेळी पूर्ण वांझ निघत नाहीत. बागेत आधीपासून असेल आणि काढवत नसेल तर फुलं गळून हिरव्या फळांचे घोस दिसले की लगेच कापा आणि कंपोस्टमध्ये टाकू नका. नव्याने लावणार असाल तर त्याच जागी पेंटास लावा, शेजारी भुरुंडी येऊ द्या, आणि लागवडीआधीच्या चार आठवड्यांची मोजणी वहीत आधी उतरवून ठेवा.